खोटं कशाला बोलू

३ फेब्रुवारी

बोलले! एकदाचं बोलून टाकलं. आमच्या इस्पितळात स्टाफसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालू आहे. त्याचा कितपत उपयोग होतो ते बघायला एक बाई आल्यात. आम्ही त्यांना साखरबाई म्हणतो, इतकं गोड बोलतात. एकेकीला खोलीत बोलावतात. "सिस्टर, नाव कुठ्ठेही येणार नाही. विश्वास ठेवा."

ठेवला. म्हटलं, खोटं कशाला बोलू, पाठीसाठी सुरू केलेल्या गोळ्या पाठ बरी झाली तरी सुटत नाहीत. पण या कार्यक्रमामुळे निम्म्यावर आणल्यात. रडलेच. त्यांनी हात धरला. किती हलकं वाटलं!

४ फेब्रुवारी

आज आणखी एक गोळी कमी घेतली. झोप नाही. पण जमेल मला!

२० फेब्रुवारी

सभागृहात अख्खा स्टाफ. पडद्यावर साखरबाईंचा अहवाल. 'एका परिचारिकेचे मनोगत' — आणि खाली माझंच बोलणं, जसंच्या तसं! "खोटं कशाला बोलू, पाठीसाठी सुरू केलेल्या गोळ्या..."

नाव नव्हतं. हवंय कशाला? उठता-बसता 'खोटं कशाला बोलू' म्हणायची माझी खोड शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. नकला करतात पोरी माझ्या! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर गाठलं त्यांना. "अहो, पण नाव कुठे टाकलंय?" — वर मलाच! केसाने गळा कापला बाईने.

२१ फेब्रुवारी

मेट्रनने औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. "तुमच्याच भल्यासाठी हो." त्या कपाटातल्या एका गोळीलाही कधी हात लावला नाही मी! पण ऐकतंय कोण? डबा खाताना शेजारी कुणी बसलं नाही.

घरी हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं नको तिथे तोंड उघडायला?" ताट सरकवून उठले.

७ मार्च

गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या. संताप येतो नुसता — त्यांचा, माझा, सगळ्यांचा.

१६ मे

साखरबाई परत आल्या. शेवटची पाहणी. तीच खोली, तोच आवाज. "सिस्टर, गोळ्या घेता अजून?"

"नाही," म्हटलं. नुसतं नाही. पुढे-मागे माझं नेहमीचं काही न लावता.

खूश झाल्या. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.