आवाज भरण्याची पूर्वतयारी

३ तारीख, सोमवार
वहिनीचा फोन. दादाच्या घशाचा रिपोर्ट आला. स्वरयंत्र काढावं लागणार. ऑपरेशन मंगळवारी, १८ तारखेला. जीव वाचेल, पण बोलणं कायमचं बंद.
वहिनी म्हणाली, भावोजी, त्याआधी त्यांचा आवाज कुणीतरी भरून ठेवायला हवा. पुढे नातवंडं ऐकतील.
मी म्हणालो, कुणीतरी कशाला? मी आहे की. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत.
दादा शाळामास्तर होता. त्याने तिसरीच्या वर्गात पाढे घेतले की शेजारची पहिली आपोआप पाठ करायची. असला आवाज मोबाईलवर भरायचा? माझ्या डेस्कटॉपवर व्हिडिओ कॉल लावून पद्धतशीर रेकॉर्ड करणार.
ही म्हणते, चार तासांचा तर बसप्रवास, सरळ जाऊन या. बायकांना तांत्रिक बाजू कळत नाही. डेस्कटॉप बसमध्ये नेता येतो का?
संकल्प: उद्या संध्याकाळी पाच.

४ तारीख, मंगळवार
सहा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात माईकची जबाबदारी माझ्याकडे होती. दादा भाषणाला उभा राहिला आणि माईकने शिट्टी मारून मान टाकली. दादा तीनशे माणसांदेखत म्हणाला, याने टेलिफोन खात्यात नुसत्या वायरी गुंडाळल्या. तेव्हापासून आमचं बोलणं वहिनीमार्फत. आता दाखवतोच.
४.३०. मशीन चालू केलं. कोपऱ्यात निरोप, फर्मवेअर अपडेट आलं आहे. फर्मवेअर म्हणजे मशीनला झोपेतून उठवणारा प्रोग्राम. मोठ्या कामाआधी जाणकार माणूस पाया पक्का करतो. होय दाबलं.
४.४५. सदतीस टक्के.
५.०५. सदतीस टक्के. अडकलंय, उघड आहे. मशीन बंद करू नका असं लिहून येतंय, पण ते अडाण्यांसाठी. बटण दाबून बंद केलं.
५.१०. चालू केलं. स्क्रीन काळा. पंखा फिरतोय, म्हणजे जिवंत आहे. लक्षण चांगलं.
वहिनीला कळवलं, उद्या.

५ तारीख, बुधवार
झाकण उघडलं. आत मुठीएवढी धूळ. ब्रशने काढली. रॅम खोडरबरने घासून परत बसवली. स्क्रीन काळाच.
वहिनीला कळवलं, उद्या.

७ तारीख, शुक्रवार
दुरुस्तीवाल्याला बोलावलं. म्हणाला, फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलंय, दुकानात न्यावं लागेल. मग विचारलं, आधी काही बिघाड होता का? म्हणालो, छे, उत्तम चालत होतं. मग अपडेट का केलंत? म्हणालो, आणखी उत्तम चालावं म्हणून. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अनुभव कमी असावा.

९ तारीख, रविवार
वहिनीचा फोन. पुतणी माहेरी आली आहे. तिने मोबाईल काढला, तर दादाने हाताने बाजूला सारला. म्हणाला, धाकटा करतो म्हणालाय ना, मग तोच करेल. त्याचा विरस करायचा नाही. रोज पाचला दाढीबिढी करून स्क्रीनसमोर बसतो म्हणे. अर्धा तास वाट बघतो आणि उठतो.
ऊर भरून आला. उशिरा का होईना, दादाला माझी किंमत कळली. पुतणीला बजावलं, मधे लुडबुड नको.
हिने चहाचा कप माझ्यापुढे आदळला. कारण विचारलं नाही.

१३ तारीख, गुरुवार
मशीन घरी आलं. झकास चालतंय. दादाला पाचची वेळ दिली. काय काय बोलायला लावायचं त्याची यादी केली: पाढे, वर्गाची हजेरी, नातवंडांना हाक, वडिलांची नक्कल. पाच दिवस म्हणजे हाताशी भरपूर वेळ.
४.२०. लक्षात आलं की दुरुस्तीवाल्याने जुनंच फर्मवेअर घातलंय. हात लावू नका असं तो जाताना तीनदा म्हणाला होता. त्याचं कारण आता कळलं. दादाचा आवाज जुन्या फर्मवेअरवर भरायचा? अपडेट लावलं.
४.५०. शंभर टक्के! या वेळी बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. माणूस चुकांतून शिकतो.
४.५२. मशीन आपणहून बंद होऊन चालू झालं. स्क्रीन काळा.
दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारलं, परत अपडेट केलंत? मग म्हणाला, पाठवून द्या.

१७ तारीख, सोमवार
मशीन उद्या सकाळी सातला मिळेल. दादाला हॉस्पिटलात दाखल केलंय. ऑपरेशन दुपारी. पुतणी लॅपटॉप घेऊन तिथे बसणार. वेळ आहे.
संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मधेच दादाने तिच्याकडून घेतला. आवाज घोगरा, पण दादाचाच. म्हणाला, अरे, त्या लग्नात मी तुला जे बोललो ना...
मी घाईने म्हणालो, दादा, आता काही बोलू नकोस. घसा जपून ठेव. उद्या सकाळी सव्वासातला सगळं नीट भरून घेऊ.
ही शेजारीच उभी होती. म्हणाली, अहो, बोलू द्या ना त्यांना. मी हाताने गप्प केलं.
दादा म्हणाला, बरं. आणि ठेवला.

१८ तारीख, मंगळवार
६.५०. दुरुस्तीवाला स्वतः मशीन घेऊन आला. भला माणूस. स्क्रीन लागला. अपडेट यशस्वी.
७.०५. वहिनीचा फोन. सकाळच्या रोग्याचं ऑपरेशन रद्द झालं, म्हणून सहालाच आत नेलं. जाताना दादा विचारत होता, त्याचं मशीन सुरू झालं का?
हॉस्पिटलच्या ढिसाळ कारभाराबद्दल कडक तक्रार लिहायला घेतली. दोन ओळी झाल्या. फाडून टाकली.
माझ्याकडे फोन होता. काल तो माझ्या हातात होता.

२९ तारीख, शनिवार
दादा घरी आला. पाचला कॉल लावला. पहिल्याच खेपेला लागला. चित्र आरशासारखं. त्याच्या गळ्याला पट्टी. मला बघून हसला आणि त्याचे ओठ हलायला लागले. बराच वेळ हलत होते. आणि मी, अक्कल गहाण टाकल्यासारखा, म्हणालो, दादा, तुझा आवाज येत नाहीये, तिकडचं सेटिंग बघ.
वहिनीने तोंड फिरवलं. दादाने वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. मास्तरांचं वळणदार अक्षर: चित्र एकदम स्पष्ट आहे. शाबास.
रेकॉर्डिंग चालूच होतं. कॉल संपल्यावर एकटा बसून ऐकलं. अकरा मिनिटं, फर्स्ट क्लास क्वालिटी. अकराही मिनिटं मीच बोलतोय, आणि तेही मशीनबद्दल.