अस्वल भाग दोन आणि माझा घसा

२ जानेवारी, सकाळी ६.५०
नवी वही. पहिलं पान स्वच्छ ठेवायचं ठरवलं होतं, पण पेन गळलं. पेन बनवणारे सगळे चोर आहेत.

यंदा चार ॲनिमेशन सिनेमे येतायत. स्टुडिओच्या बोर्डावरून यादी उतरवून आणली. उडणारी छत्री, चंद्रावरची खार, भाज्यांचं भांडण आणि सर्वांत मोठा म्हणजे अस्वल भाग दोन. चारही आपल्या भाषेत डब होणार. चारहीत मी बोलणार. यात शंका घेण्यासारखं काही नाही.

अस्वल तर माझंच. सहा वर्षांपूर्वी भाग एकमध्ये मीच बोललो होतो. अकरा वाक्यं आणि एक शिंक. शिंकेला थिएटरमध्ये पोरं खिदळली होती. मी स्वतः ऐकलंय, चार वेळा तिकीट काढून.

२ जानेवारी, संध्याकाळी
बायकोला यादी दाखवली. ती वॉशिंग मशीनच्या कंपनीत दिवसभर तक्रारींचे फोन घेते, त्यामुळे कलेबद्दल बोलायला घेतलं की तिचा चेहरा उतरतो. बोलावलंय का त्यांनी, असं तिने विचारलं. बोलावतील म्हटलं. छान, म्हणाली आणि पाय वर घेऊन पडली. तिच्या या 'छान'ने कितीतरी चांगली माणसं आयुष्यातून उठली असतील.

९ जानेवारी
स्टुडिओत जाऊन आलो. डबिंग डायरेक्टरला मी मनातल्या मनात शिट्टी म्हणतो, कारण त्याने 'स' म्हटला की फाटकाबाहेरची कुत्री कान टवकारतात. असल्या माणसाने आम्हाला उच्चार शिकवायचे! म्हणाला, छत्रीचं काम गेल्याच महिन्यात उरकलं, कोमटने केलं. कोमट म्हणजे तो सत्तावीस वर्षांचा नवा. त्याचा आवाज ना गरम ना गार. छत्री कशी भिजलेली वाटायला हवी. याची छत्री दुकानात टांगलेली वाटणार, वर लेबलसकट.

बरं झालं. छत्रीत माझा जीव नव्हताच.

निघताना मला ठसका लागला, तेव्हा शिट्टी म्हणाला की अस्वलाचं काम मार्चमध्ये आहे, घसा सांभाळा. हे वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवलं. ज्याला घ्यायचं नाही त्याचा घसा कोण कशाला विचारेल? म्हणजे ठरल्यातच जमा.

१८ जानेवारी
खार गेली. आठ वर्षांच्या मुलीला दिली म्हणे. खार लहान असते म्हणून लहान मूल घ्यायचं, ही यांची अक्कल. मग अस्वलाला काय खरं अस्वल आणणार?

१ फेब्रुवारी, सकाळी ६.००
आजपासून महिनाभर पूर्ण मौन. मोठमोठे गायक करतात असं ऐकलंय. घशाला विश्रांती दिली की आवाज आतल्या आत मुरतो आणि मग बाहेर येतो तो थेट गुहेतून आल्यासारखा. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल ठेवली. गळ्याला मफलर. शेवटचं वाक्य म्हणून बायकोला सांगितलं की आता महिनाभर माझा आवाज ऐकू येणार नाही. तिने दोनदा खात्री करून घेतली.

४ फेब्रुवारी
दुकानात वैताग. चष्म्याच्या दुकानात मौन पाळणं अवघड नाही असं मला वाटलं होतं. पण लोक अडाणी. मी नंबर तपासायला बसवतो, त्यांचा चष्मा काढून घेतो, मग चिठ्ठी लिहून समोर धरतो: खालची ओळ वाचा. तर ते माझी चिठ्ठीच मोठ्याने वाचायला लागतात, तीही चुकीची. एक आजोबा अर्धा तास चिठ्ठी जवळ-लांब करत बसले आणि शेवटी म्हणाले की हे औषध मला चालत नाही. वर मालकाला जाऊन सांगितलं, आतला माणूस बिचारा मुका आहे, पण अक्षरही वाईट आहे.

मालकाने मला मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं. मनासारखं झालं. तिथे शांतता असते.

१३ फेब्रुवारी
सासूबाई राहून गेल्या. चार दिवसांत एकदाही वाद नाही. जाताना बायकोला म्हणाल्या, जावई यंदा फारच समजूतदार वाटले, कुणाला दाखवलंस का त्यांना? मी चिठ्ठीवर जे लिहिलं ते नंतर गिळून टाकलं. कागद घशाला लागला. दोन दिवस गरम पाणी.

१९ फेब्रुवारी, दुपारी
फोन आला! शिट्टीचा! मी मौनात, त्यामुळे तीनदा उचलून तीनदा नुसता श्वास सोडला. चौथ्यांदा तो ओरडायला लागला तेव्हा फोन बायकोच्या हातात कोंबला. तिने तक्रार खात्यातला आवाज लावला. आधी आपण शांत व्हा, मग काय झालंय ते सावकाश सांगा, वगैरे. शिट्टी गार पडला. म्हणजे मीसुद्धा त्याला इतकं मऊ बोलताना कधी ऐकलं नाही. मी बाजूला उभा राहून चिठ्ठ्या पुढे करत होतो: 'माझा अनुभव सांग', 'शिंक सांग'. तिने एकही वाचली नाही. पंचवीस मिनिटं बोलले. मध्येच ती हसलीसुद्धा. शिट्टीत हसण्यासारखं काय आहे?

फोन ठेवल्यावर म्हणाली, रविवारी चाचणी आहे, आणि मलाही या म्हणालेत. साहजिक आहे. मी मौनात, कुणीतरी बोलणारं सोबत लागणारच.

आता अस्वल आणि मी यांच्यामध्ये फक्त पाच दिवस आहेत.

२४ फेब्रुवारी, रविवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

काचेच्या खोलीत उभा राहिलो. चोवीस दिवसांनी तोंड उघडलं. रेकॉर्डिंगच्या इंजिनिअरने बाहेरून विचारलं, केबल सैल झालीय का. पुन्हा बोललो. त्याने केबल बदलली. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा त्याला कळलं की मीच आहे.

मग शिट्टीने आधी सांगायला हवी होती ती गोष्ट सांगितली. भाग दोन थंडीतला आहे. अस्वल पहिल्या मिनिटाला झोपतं आणि शेवटच्या मिनिटापर्यंत उठत नाही. सिनेमा अस्वलिणीचा आहे. ती एकटी गुहेच्या दारात उभी राहून अख्ख्या जंगलाला तोंड देते. तीनशे चाळीस वाक्यं तिला. असले सिनेमे लिहिणाऱ्यांना आधी झोपेतून उठवलं पाहिजे.

शिट्टीने बायकोला सहज म्हणून कागद दिला. लांडगे दार उकरायला येतात तो प्रसंग. तिने पर्स खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वाचलं. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे लांडग्यांना सांगितलं की आपली अडचण मला समजते, पण आत माझा माणूस झोपलाय. इंजिनिअर हातातला चहा प्यायचा विसरला. शिट्टीने दुसरं कुणाला बोलावलंच नाही.

ती म्हणाली, मला सुट्टी फक्त रविवारी असते. तो म्हणाला, मग आम्ही रविवारी करू. माझ्यासाठी यांनी कधी साधी खुर्ची सरकवली नाही.

२६ फेब्रुवारी
बायकोशी अबोला धरला. दोन दिवस झाले तरी तिच्या लक्षात आलेलं नाही.

३ मार्च
नीट विचार केला. अस्वल नव्वद मिनिटं पडद्यावर आहे. झोपलेलं असलं तरी आहे. आणि झोपलेलं अस्वल घोरतं. तो आवाज कुणाचा? शिट्टीला विचारलं. म्हणाला, करा तुम्ही, काय करायचंय. म्हणजे मुख्य भूमिका शेवटी माझ्याकडेच आली. आजपासून सराव. आत घेताना दुःख, बाहेर सोडताना वनराजाचा अभिमान, असं बसवतोय. शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली. लोकांना घरबसल्या फुकट कला मिळते तरी पचत नाही.

१० मार्च, रविवार
एक्केचाळीस टेक दिले. पहिल्यात शिट्टी म्हणाला हे रागावलेलं वाटतंय. विसाव्याला म्हणाला हे कुणाची तरी नक्कल करतंय असं वाटतं. तिसाव्याला कोमट आत डोकावला, तो भोपळ्याचं काम करायला आला होता. म्हणजे भाज्याही गेल्या. तो म्हणाला, काका, सोडून द्या थोडं, मी ऐकूनच दमलो.

एक्केचाळिसाव्यानंतर इंजिनिअरने हेडफोन काढून ठेवले. तेव्हा बायकोने पर्समधून मोबाईल काढला. डॉक्टरांना ऐकवायला म्हणून एका दुपारी तिने मला न सांगता माझं घोरणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बावीस मिनिटं. इंजिनिअरने लावलं. शिट्टी खुर्चीतून उठला. याला म्हणतात अस्वल, म्हणाला. कोण आहे हा, याला आधी का नाही आणला?

बायको म्हणाली, हेच आहेत. पण जागेपणी त्यांना जमत नाही.

सगळे हसले. ती नाही हसली, हे खरं तर जास्त लागलं. माझे एक्केचाळीस टेक माझ्यासमोर पुसले. वाईट वाटलं. ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

घरी येताना तिने विचारलं, रागावलात का. मी म्हटलं, माझं मौन आहे. म्हणाली, ते तर एक तारखेलाच संपलं.

४ मे, शनिवार, दुपारी १२ चा खेळ
सिनेमा लागला. एकटाच गेलो. मागच्या रांगेत बसलं म्हणजे लोकांची प्रतिक्रिया एका नजरेत कळते. पहिल्या मिनिटापासून मी थिएटरभर. शेवटी अस्वलीण बर्फात उभी राहून सगळ्यांना परत पाठवते, तेव्हा शेजारचा दाढीवाला माणूस डोळे पुसत होता. मीही पुसले, पण माझं कारण वेगळं होतं.

नावं आली. बायकोचं नाव सर्वांत वर, एकटं. माझं शोधत उभा राहिलो. स्टुडिओच्या दारात छत्र्या ठेवायचा स्टँड पुरवणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. पडदा काळा होईपर्यंत बघितलं.

हॉल रिकामा झाला. झाडणारा आला, म्हणाला पाय उचला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, हा सिनेमाभर मागे जो आवाज चालू होता ना, तो माझा.

त्याने झाडू थांबवून वर छताकडे पाहिलं. म्हणाला, तो आवाज सिनेमातला होता होय? आम्हाला वाटलं एसी बिघडलाय. कालपासून सात जणांनी तक्रार केली, मेकॅनिक बोलावलाय, उद्या सकाळी येतो.