शिरोरेघ नसलेल्या चिठ्ठ्या

सोमवार, ४ मार्च

पेटी बसवली. नव्या साहेबांचा हुकूम – यंदा ‘माणूस केंद्रस्थानी’! कामगारांनी मनातलं लिहून पेटीत टाकायचं, नाव घालायचं नाही. किल्ली माझ्याकडे, कारण मनुष्यबळ विभाग म्हणजे मी. वर पोस्टर लावलंय. हसरे चेहरे. आमच्याकडे असं कोण हसतं?

शुक्रवार, ८ मार्च

पेटी रिकामी. वाटलंच होतं.

मंगळवार, १२ मार्च

एकेचाळीस चिठ्ठ्या! सगळ्या एकाच अक्षरात आणि एकीलाही शिरोरेघ नाही. असं लिहिणारे कारखान्यात एकच – स्टोअरवाले काका. ‘रेघा ओढण्यात वेळ जातो, बाई.’ एकट्याच्या एकेचाळीस तक्रारी? डोकं फिरलं. तडक साहेबांना सांगून आले, एकाच माणसाचा खोडसाळपणा आहे. नाव सांगणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

बुधवार, १३ मार्च

काकांना खडसावलं. बसा म्हटलं तरी उभेच.

‘बाई, वीस वर्षं सगळ्यांचे रजेचे अर्ज तुम्ही वाचताय. अर्ध्या ओळीत माणूस ओळखता. म्हणून ते सांगतात, मी लिहितो.’

‘मग तुमचं अक्षर नाही ओळखणार मी?’

‘ओळखाल की! पण मी एकटाच सापडेन ना.’

जाताना दार हळू लावून घेतलं त्यांनी. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, १६ मार्च

चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. आता आवाज ऐकू येतात. ‘आठ तास उभं राहून पाय सुजतात, स्टूल द्या’ – ही पॅकिंगमधली सगळ्यांत थोरली बाई. ‘पोर आजारी म्हटलं की रजा नाही. आतापर्यंत तीन मामा मारले. आता मामा उरला नाही.’

तो नियम माझा. मीच लिहिलेला, मीच टाइप केलेला.

आणि हीसुद्धा – ‘बाई चष्म्यावरून बघतात तेव्हा खरा ताप असला तरी उतरतो.’

हसू आलं. मग नाही आलं.

सोमवार, १८ मार्च

साहेब म्हणाले, ‘तो खोडसाळ कोण ते बघूच. उद्या चिठ्ठ्या आणा. अक्षर जुळवू आणि घरी बसवू.’ मी म्हटलं, तक्रारी खऱ्या आहेत. ‘ते नंतर.’ काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. माझ्या, चार महिने.

घरी आल्यावर हे म्हणाले, ‘आज कोणाला झापलंस?’ चष्मा काढून ठेवला.

मंगळवार, १९ मार्च

एकेचाळीस चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

‘अक्षर कोणाचं?’

‘माझं,’ म्हटलं.

खोटं नव्हतं. सकाळी दार लावून सगळ्या माझ्या हाताने उतरवून काढल्या होत्या. चष्म्याचीसुद्धा. शिरोरेघेसकट.