नववी टोपली

बोरी अरब,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. अमर,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा सोडून. कापसाचा दुसरा वेचा झाला, तूर फुलावर आहे. मी कालच दिग्रसहून आले, शाळेला दोन दिवस सुट्टी टाकून. पत्र पाहून तू चक्रावशील. पण फोनवर मी 'बाबा' म्हटलं की तुला लगेच मीटिंग आठवते, आणि मेसेज वाचून तू गप्प बसतोस. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून हे.

सांगायचं ते सांगण्याआधी दुसरंच सांगते. आज सकाळी मी तुझ्या मैदानावर डिस्क गोल्फ खेळले. हसू नकोस. थाळी फेकायची आणि खांबावरच्या टोपलीत पाडायची, एवढंच मला त्यातलं कळतं.

बाबा रोज दूध काढून झालं की तिथे जातात, तू सोडून गेलेल्या थाळ्या घेऊन. आज मी त्यांच्या मागे गेले. जागा काय देखणी आहे रे. अडाण नदी तिथे वळण घेते, पाणी काळ्या दगडांवरून खळखळत जातं, पलीकडे तुरीचा पिवळा पट्टा आणि बाभळीवर खंड्या बसलेला. बघत राहिलं की फेकायची पाळी कोणाची हेच विसरायला होतं.

आणि खेळायला लागलं की डोकं काम करेनासं होतं. तीन ओळी, ओळीत तीन टोपल्या, कुठूनही मोजलं तरी अंतर सारखं. पहिलीजवळ उभी राहून मी दुसरीवर नेम धरला, तर थाळी वाऱ्यानं वळून पाचवीत पडली. आता काय, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, पाचात पडली तर पाच झालं. मग मी दुसरीवर परत जायचं की पुढे सहावीवर, हे त्यांनाही ठरवता येईना. सातवी-आठवी पार काठाला टेकलेल्या, जरा जोर झाला की थाळी नदीत. म्हणून त्यांनी काठानं आईची जुनी पातळं बांधलीत, रानडुकरांसाठी शेताला बांधतो तशी. माझ्या बहुतेक थाळ्या आईच्या जांभळ्या पातळावर आपटून खाली घसरल्या.

नववीवर तर फेकायचंच नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

मैदान मात्र लख्ख. टोपल्या कपाशीच्या चौफुलीसारख्या, उभ्या-आडव्या सारख्या अंतरावर लावल्यात ना, त्यामुळे तण काढायचा डवरा दोन्हीकडून फिरतो. पंधरा दिवसांनी बैल घेऊन बाबा ते डवरून काढतात. तुझ्या त्या पुण्याच्या मित्रांना सांग, खेळाचं मैदान डवरणारा माणूस त्यांना दुसरीकडे कुठे सापडायचा नाही.

खेळता खेळता बाबा थांबले. म्हणाले, "सुरभे, त्याले कसं पाह्यजे होतं, तुले काही आठवते का? मी खांब पुन्हा गाडतो."

मला हसावं की रडावं कळेना. सत्तरीला आलेला माणूस, अजून चूक शोधतोय. आणि चूक त्यांच्या शेजारी उभी.

आता सांगते. गुढीपाडव्याला तू मित्रांना घेऊन आलास. पहिल्या ओळीतून फेकलेली थाळी दुसऱ्या ओळीतल्याच्या हनुवटीवर बसली, आणि तू सगळ्यांसमोर बाबांना म्हणालास, "साधा नकाशा वाचता येत नाही, तर विचारायचं तरी होतं." बाबा खांद्यावरचा दुपट्टा नीट करत उभे होते. मी चहाचा ट्रे घेऊन चार हातांवर होते.

अमर, बाबांनी तो नकाशा पाहिलाच नव्हता. त्याच्या आधीच्या दिवाळीत दोन दिवस नदीकाठी फिरून तू तो पेन्सिलीनं काढलास आणि माझ्याकडे दिलास, शाईनं ठळक करून बाबांना दे म्हणून. "ताई, एवढं एक काम नीट कर," असंही म्हणालास. मी दिग्रसला नेला, सुंदर ठळक केला, आणि येताना दारव्ह्याला गाडी बदलली तेव्हा तो आधीच्या एसटीत राहिला. तुझ्याकडे पुन्हा मागायची लाज वाटली. मग आठवेल तसं बाबांना सांगितलं, की नऊ खांब, नदीच्या काठानं, मध्ये मोकळी जागा. त्यांनी तीन दिवस दोरी ताणून, त्यांना जे सगळ्यात नीट येतं तसं करून दिलं.

मी तेव्हा गप्प का बसले हे मला अजून उमगत नाही. त्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी उशीर झाला असं वाटलं. मग त्या उशिराचीच सवय झाली. नऊ महिने होत आले.

आज मी विचारलं, "बाबा, कागद आलाच नाही, असं तुम्ही तवाच काहून नाही सांगतलं?"

त्यांनी थाळी उचलली, दुपट्ट्यानं पुसली. म्हणाले, "तू च्याचा ट्रे घेऊन उभी होती. तुह्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजलं मले." मग नदीकडे बघत म्हणाले, "माह्याशी अबोला धरला, तरी तुहा फोन उचलते ना तो? तुह्याशीबी धरला असता, तं या घरात त्याले बोलाले कोन राह्यलं असतं?"

मी तिथेच बांधावर बसून रडले. ते पुढची थाळी फेकायला गेले.

निघताना त्यांनी नवव्या टोपलीत हात घातला आणि मोबाईल काढून खिशात टाकला. आईनं मग सांगितलं. घरात त्यांच्या फोनला रेंज नसते, नववीपाशी पूर्ण येते. म्हणून सकाळी सात ते आठ तो तिथे ठेवतात आणि त्या बाजूला थाळी फेकत नाहीत. एरवी शेतात, बाजारात कुठेही गेले तर मोबाईल घरीच असतो.

मला भीती वाटते, हे वाचून तू माझ्याशीही बोलणार नाहीस. नको बोलूस. तो अबोला माझाच होता, बाबांनी इतके दिवस सांभाळला, आता मला दे. मात्र सकाळी सात ते आठच्या मध्ये त्यांना एक फोन कर. दोनदा पूर्ण रिंग जाऊ दे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असले तर त्यांना चालत यायला वेळ लागतो.

तुझा नकाशा हरवणारी,
सुरभीताई