दस्ता माझा, लोखंड खल्फानचे

मी, श्रीमती कुमुद उल्हास मयेकर, वय एकोणसाठ, मूळ गाव मालवण, सध्या राहणार अल मजाज, शारजा, व्यवसाय फायबरग्लासच्या टाक्या व होड्या बनवणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती हृदयाची झडप. येत्या बुधवारी ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण जागोजागी माझ्या सह्या मात्र त्यांनी घेऊन ठेवल्या. म्हणून मीही माझ्या बाजूने एक सही करून ठेवते. यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे किती सोपे आहे ते माझ्या मुलांना विचारावे.

माझ्या मालकीच्या वस्तूंत वाटायला अवघड अशी एकच आहे. ती एक रायफल आहे आणि ती अर्धीच माझी आहे. माझ्यामागे तिचे दोन तुकडे होऊ नयेत आणि ती माझी मुलगी पर्णिका हिच्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. बाकीचे आधी उरकून घेते.

कलम १. कणकवलीचा ब्लॉक माझा मुलगा सिद्धार्थ याला द्यावा. बँकेतली शिल्लक दोघा मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावर चर्चा नको. दागिने पर्णिकाचे, ती घालणार नाही हे मला माहीत आहे, तरी तिचेच. अल मजाजचा फ्लॅट भाड्याचा आहे, तेव्हा तिथे भांडायला काही नाही.

कलम २. माझे दीर विजयकुमार. माझे यजमान गेले तेव्हा हे गृहस्थ दिवसकार्य व्हायच्या आत मुंबईहून विमानाने आले आणि वर्कशॉपच्या किल्ल्या मागू लागले. "वहिनी, बायकांनी रेझिनमध्ये हात घालायचे नसतात," असे ते म्हणाले. तेव्हा माझे हात रेझिननेच भरलेले होते, त्यामुळे मी त्यांच्या पाया पडू शकले नाही. त्यांना माझ्या गॅलरीतली मनी प्लांटची कुंडी द्यावी. कुंडी फायबरची आहे, मीच केलेली आहे.

कलम ३. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपचे लायसन्स माझे स्थानिक भागीदार खल्फान बिन ओबैद यांच्या नावाने आहे. यंत्रे व साचे माझे. सिद्धार्थ दुबईत बँकेत आहे आणि त्याला रेझिनच्या वासाने शिंका येतात. "ममा, जस्ट क्लोज इट," हे त्याचे पालुपद मी बरीच वर्षे ऐकते आहे. माझ्यामागे त्याने हवे तर बंद करावे. पण लेथ विकू नये. तो हमदुल्ला याला द्यावा. हमदुल्ला पेशावरचा, माझ्याकडे लेथवर आहे, तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. आमची रोज भांडणे होतात आणि रोज चहा एकत्र होतो.

कलम ४. आता रायफल. ती कशी झाली हे लिहिल्याशिवाय तिची व्यवस्था कळणार नाही, म्हणून हा मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी नको म्हटले तरी लिहिते.

खल्फान शिकारी माणूस. दर हिवाळ्यात परवाना काढून कझाकस्तानच्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला जायचा. शहाण्णव साली त्याचे गुडघे कुरकुरू लागले. एक दिवस वर्कशॉपमध्ये येऊन त्याने एका तयार होडीची कड एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाला, "उम सिद्धार्थ, ये इतना हलका बनाता है तुम, तो मेरा बंदूक का लकडी क्यूँ नहीं बनाता?" उम सिद्धार्थ म्हणजे सिद्धार्थची आई, ही इथली हाक मारायची रीत. लकडी म्हणजे दस्ता, खांद्याला टेकतो तो आणि ज्यात नळी, चाप वगैरे सगळे लोखंड बसते तो भाग.

त्याच वेळी पर्णिका क्लबात नेमबाजी शिकत होती. इथे आपल्या नावाने बंदूक घेणे आपल्या लोकांच्या आवाक्यातले नाही. ती खल्फानच्या परवान्यावर, त्याच्या देखत नेम धरायची. त्याला "अंकल" म्हणायची आणि त्याच्यापेक्षा चांगला नेम मारायची. परवाना एकच, म्हणून रायफलही एकच. डोंगर चढायला ती हलकी हवी आणि स्पर्धेत कागदावर नेम धरायला जड हवी, कारण हलकी रायफल हातात थरथरते आणि उडाली की उसळते. क्लबात सगळे म्हणाले, दोन्ही होणार नाही, एक काय ते ठरवा. मला असे कोणी सांगितले की माझे दोन्ही करायचे ठरते.

पहिला दस्ता मी होडीसारखाच केला. आत हलका फोम, बाहेर कापड आणि रेझिन, दोन अर्धे साचे जोडून. नळी मागे दस्त्यात बसते, पण पुढे ती त्याला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर नेम सरकतो. हमदुल्ला वर्तमानपत्राची पट्टी मधून सरकवत बसायचा आणि पट्टी अडली की माझ्याकडे असा बघायचा की जणू ती मीच अडवली. शेवटी पट्टी सरळ गेली. रायफल इतकी हलकी झाली की खल्फान ती एका बोटावर तोलून सगळ्यांना दाखवत फिरला. हिवाळ्यात तो ती घेऊन कझाकस्तानला गेला.

तिथून परत आला तो थेट वर्कशॉपमध्ये. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बंदूक बहोत अच्छा है, उम सिद्धार्थ. लेकिन सिर्फ शारजा में."

झाले असे होते की मी त्याच्या खांद्यापासून बोटापर्यंतचे माप घेतले तेव्हा त्याच्या अंगात कंदुरा होता, म्हणजे इथला अरबी झगा, पातळ पांढरा, आपल्या मलमलीसारखा. तिकडे बर्फात त्याच्या अंगात हा जाड कापसाचा कोट. रायफल खांद्याला लावायला गेला की दस्ता काखेतच अडकायचा. बोकड समोर उभा राहून बघत होता म्हणे. मग कंटाळून गेला. वर्कशॉपच्या उकाड्यात माप घेताना थंडी नावाची गोष्ट जगात आहे हे आम्ही तिघेही विसरलो होतो, दर हिवाळ्यात बर्फात जाणारा खल्फानसुद्धा. मी हसले. हमदुल्ला हसला नाही, कारण पेशावरला थंडी असते आणि हे त्याच्या लक्षात यायला हवे होते, असे त्याचे म्हणणे.

मी तो दस्ता फेकला नाही, मागून कापून आखूड केला. दस्ता आणि त्याची खांद्याला टेकणारी रबरी टाच यांच्यामध्ये बसतील अशा पातळ पट्ट्या हमदुल्लाने केल्या. कंदुऱ्यावर सगळ्या लावायच्या, कोटावर सगळ्या काढायच्या, पर्णिकाच्या स्पर्धेच्या चामडी जाकिटावर मोजक्या ठेवायच्या. इतके केल्यावर मला मालवणच्या होड्या आठवल्या. रिकामी होडी डुलते म्हणून तळाशी वजन ठेवतात आणि माल भरला की काढतात. मी दस्त्याच्या पोटात एक नळकांडे बसवले आणि शिशाच्या कांड्या केल्या. कांड्या काढल्या की रायफल शिकारीची, भरल्या की स्पर्धेची. हे जुळवायला मला पुढचे तीन दस्ते मोडावे लागले. एक उन्हात तडकला, एक जड झाला, एक पर्णिकाने परत आणला आणि म्हणाली, "आई, इट्स फायटिंग मी." मी तो करवतीने कापला आणि पुन्हा साचा मांडला. नाही हा शब्द मी त्या वर्षांत कोणाचाच ऐकला नाही.

गेल्या महिन्यात दस्ता पुरा झाला. क्लबात पर्णिकाच्या गोळ्या कागदावर एवढ्या जवळ जवळ बसल्या की वरून एक खजूर ठेवला तर झाकल्या जातील. मी तिथे सगळ्यांदेखत रडले. त्याची मला लाज नाही. १५ मार्चच्या शुक्रवारी स्पर्धा आहे. या रायफलची ती पहिलीच.

कलम ५. लोखंड खल्फानचे, परवाना खल्फानचा, दस्ता माझा. दस्ता मुलीला दिला तर कायद्याने रायफलचे दोन तुकडे होतात. तो एकटा घरी राहिला तर काठीइतकाही कामाचा नाही. म्हणून रायफल अखंड राहावी यासाठी मी दस्ता खल्फान बिन ओबैद यांना देत आहे आणि पर्णिकाला नेम धरू द्यावा अशी त्यांना विनंती करत आहे.

कलम ६. (हे कलम मी आज माझ्या हाताने जोडत आहे.) वरील मसुदा काल शुक्रवारी माझ्या घरी, मुले, खल्फान, हमदुल्ला व माझ्याकडे हिशेब पाहणाऱ्या वसईच्या इनेजबाई यांच्यासमोर वाचला गेला. कलम पाच ऐकून पर्णिका उठून उभी राहिली.

"सो आय आस्क परमिशन फॉर द रेस्ट ऑफ माय लाइफ?" ती म्हणाली.

"बाळा, रायफल मोडायची नाही मला."

"देन आय लूज इट इन वन पीस. ग्रेट."

सिद्धार्थ तिला खाली बसवू लागला. माझे चुकत नव्हते आणि तिचेही चुकत नव्हते, आणि छातीत धडधडत होते ते झडपेमुळे नव्हते.

खल्फानने विचारले, काय लिहिले आहे. इनेजबाईंनी हिंदीत सांगितले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"मेरे को देता है? क्यूँ? मैं मर जाएगा तो मेरा लडका बेचेगा. उसको बंदूक नहीं, गाडी मंगता है." मग पर्णिकाकडे बोट करून तो म्हणाला, "लकडी इसका. लोहा मेरा. दोनो क्लब में एक ताले में रहेगा. मैं नहीं आएगा तो ये नहीं चलाएगी, ये नहीं आएगी तो मैं नहीं चलाएगा. खलास."

"आणि तुम्हां दोघांचे भांडण झाले तर?" मी विचारले आणि इनेजबाईंनी तेही हिंदीत सांगितले.

"तो बंदूक चूप बैठेगा, जब तक हम सुलह नहीं करता," तो म्हणाला. "यल्ला, लिखो."

मी त्याला साक्षीदार हो म्हटले. वकीलबाईंनी आधीच बजावले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष नको, पुढे वाद निघतात. ते त्याला सांगितले. तो म्हणाला, मग तर माझीच साक्ष घ्या.

म्हणून कलम पाच मी रद्द करते. दस्ता, पट्ट्या, शिशाच्या कांड्या व साचा हे सर्व माझी मुलगी पर्णिका हिचे. सिद्धार्थने साचा भंगारात देऊ नये. तो जपून ठेवायची आपली तयारी आहे असे तो काल सर्वांसमोर मराठीत म्हणाला, त्यामुळे मी विश्वास ठेवते.

कलम ७. माझा देह मालवणला नेण्याची यातायात करू नये. इथेच, जसे जमेल तसे.

कलम ८. बुधवारी माझे काही बरेवाईट झाले तर १५ मार्च माझे तेरावे व्हायच्या आत येतो. विजयकुमार फोनवरून सुतकाची आठवण करून देतील. पर्णिकाने फोन उचलू नये. नेमबाजाने घरात रडत बसलेले मला आवडणार नाही. रडायचे असेल तर गोळी सुटल्यावर रडावे, आधी नाही, नेम हलतो. तिने सकाळी अंघोळ करावी, पोटभर नाश्ता करावा, जाकिटाच्या पट्ट्या लावाव्यात, कांड्या भराव्यात आणि स्पर्धेला जावे. ही माझी शेवटची इच्छा नव्हे, ही आज्ञा आहे. आणि बुधवारनंतर मी असलेच, तर मला चाकाच्या खुर्चीतून का होईना, तिथे न्यावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, स्वखुशीने सही करत आहे.

कुमुद उल्हास मयेकर
शारजा, शनिवार, २ मार्च २००२

साक्षीदार १: इनेज परेरा, राहणार शारजा. कुमुदबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांचा हात कापला नाही.

साक्षीदार २: खल्फान बिन ओबैद (सही अरबीत). या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.