काळा की चंदेरी

३ मार्च, सोमवार

आले! दोन्ही लॅपटॉप आले. मेव्हण्याने खोकी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "भावोजी, आठवडाभर वापरून बघा. एक ठेवा, एक मी परत नेतो. फक्त ओरखडा नको हं." त्याच्या दुकानातले नमुन्याचे आहेत. एक काळा, एक चंदेरी. स्क्रीन तेवढीच, मेमरी तेवढीच, तोराही तेवढाच.

हिने दारातून पाहिलं. "दोन कशाला?"

तुलना करायला, म्हटलं.

"कोणासाठी?"

दुकानासाठी. चष्म्याच्या दुकानाला असला लॅपटॉप! शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. ही आत गेली.

तिच्यासाठीच घेतोय, इथे लिहायला काय हरकत आहे. गेल्या वर्षापर्यंत ही सिनेमांचं एडिटिंग करायची. मग झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, उजवा हात आला नाही. बरी झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर एडिटिंगचं मशीन मला विकायला लावलं. तेव्हापासून नुसती खिडकीत बसते. समोर एखादं देखणं यंत्र आलं तर कदाचित पुन्हा कामाला हात लावेल, एवढीच माझी आशा. नाही लावला तर काय करायचं, ते मला सुचत नाही.

४ मार्च

दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर दुसऱ्याचाच चष्मा चढवला. "वा, आता कसं स्वच्छ दिसतंय!" म्हणाले.

संध्याकाळी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. दोन वर्षांपूर्वी समुद्रावर गेलो होतो, ही बरी असतानाची गोष्ट. तेव्हा मी मोबाइलवर काढलेली क्लिप दोन्हीकडे लावली. काळ्यावर काय दिसतं! अंधारातलं पाणी अंधारासारखं, फेस फेसासारखा. बघतच राहिलो.

आणि बिजागरी! तिथे मी खलास झालो. सगळा जन्म चष्म्याच्या बिजागऱ्या पिळण्यात गेला, मला त्यातलं कळतं. झाकण जिथे सोडाल तिथे उभं, जराही डुगडुग नाही. उघडताना एका हाताने खालचा भाग दाबून धरावा लागतो, तेव्हा कुठे दुसऱ्या हाताने झाकण वर येतं. भारदस्त काम. चंदेरीचं एका बोटाने उघडतं. मला सैल वाटलं. गुण कापले.

५ मार्च

चंदेरीवर अन्याय नको. काल जरा वाहवत गेलो.

बॅटरी संपता संपत नाही. सकाळी लावला तो संध्याकाळीही ताजातवाना. खिडकीतल्या उन्हातही स्क्रीन स्वच्छ दिसते, काळ्यात तिथे माझंच तोंड दिसतं. कळा इतक्या मऊ की उगाच काहीतरी टाइप करत बसलो. ज्यांनी ही असली यंत्रं बनवली, त्यांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते.

काळ्याला एकच खोड आहे. बोट लावलं की ठसा! बिस्कीट खाता खाता उचलला, तर पाचही बोटं उमटली. दुकानातलं फडकं आता घरी आणलंय. पुसायचं, बघायचं, पुन्हा पुसायचं.

ही सोफ्यावरून म्हणाली, "यातल्या कोणाशी लग्न ठरतंय तुझं?"

किती दिवसांनी टोमणा मारला! मी खूश.

६ मार्च

मेव्हण्याचा फोन. "ठरलं का?" म्हटलं, काळ्याकडे कल आहे. तो म्हणाला, "ताईला विचारलंत?"

नाही विचारलं. विचारलं की ती नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो होत नाही. हे तिच्या भावाला मी काय सांगायचं!

जेवणानंतर धीर केला. काळा उघडून समुद्राची क्लिप लावली आणि सहज केल्यासारखा तिच्याकडे वळवला. तिने शेवटपर्यंत पाहिली. "कॅमेरा हलतोय," म्हणाली. मग, "आणि किती बोलतोस रे तू." उठून गेली.

पण मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो. जिथे जिथे कापायला हवं, तिथे तिथे बोट टेबलावर टेकत होतं. अगदी हलकं, पण नेमकं. इतकी वर्षं तिच्या खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन उभा राहिलोय आणि दर वेळी थक्क झालोय. काय टाकायचं हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. ती नजर कुठेही गेलेली नाही. हे बघून मला रडूच आलं, भांडी घासायच्या निमित्ताने आत गेलो.

७ मार्च

ठरलं. काळाच. असल्या नजरेला तसलीच स्क्रीन हवी.

उद्या सकाळी मेव्हणा येईल. दोन्ही मिटले, फडक्याने लख्ख पुसले, टेबलावर ठेवले. दुकान बंद करताना मी एकही चष्मा उघडा ठेवत नाही. तीच सवय.

८ मार्च, सकाळ

चंदेरी उघडा आहे!

काळा मिटलेलाच. पण त्याच्या पुढच्या कडेवर ठसेच ठसे. अंगठा, बोटं, एकावर एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोपरा टेबलाच्या काठाबाहेर ओढलेला. सगळे ठसे एकाच हाताचे. तिने आधी काळाच उघडायला घेतला होता. किती झटली असेल! आणि मी बाबा त्या बिजागरीचं कौतुक करत बसलो होतो.

चंदेरीवर समुद्राची क्लिप. अर्धी उरली आहे. हलणारं सगळं गेलं, माझी बडबड गेली. नुसत्या लाटा. शेवटी ही मागे वळून हात हलवते. उजवा. तो तिने ठेवलाय.

मागून आवाज आला, "पुढच्या वेळी शूटिंग करताना तोंड बंद ठेव."

हो म्हटलं. काळा पुसून खोक्यात घातला. चंदेरी मिटला नाही.