सुक्सीचं काळं पोट

मंगळवार, संध्याकाळ

भनपुरीच्या बाजारातली सुक्सी मी साफ करून राहिली होती. समुद्रातले बोटभर सुके मासे. मुंडकं तोडायचं, काळं पोट चिमटीनं काढायचं, फेकायचं. समोर फोनवर प्रज्ञा, माझी पोट्टी, इकडं हिंदीतच वाढलेली. कोचीले संशोधन करते. कशाचं, ते मले कधी नीट समजलंच नाही. ह्यांनी सकाळीच बजावलं होतं, शाळेच्या नोकरीच्या फॉर्मचं आज बोलूनच टाक, तिले घरी बोलाव.

मी बोलणार तर तीच ओरडली, "मम्मी, पेट मत फेंको! मैं दिनभर वही तो देखती हूँ."

ते काळं? दिवसभर?

म्हणे हा मासा कधी बारीक जीव एकेक टिपून खातो, कधी नुसतं तोंड उघडून पोहतो. मग येईल ते आत. स्वतःची अंडीसुद्धा.

"त्याले समजत नाही का वं?"

"वही तो ढूंढ रही हूँ, मम्मी. कब चुनता है, कब बस निगल जाता है."

शेजारीण नेहमी विचारते, पोट्टी काय करते; तिले हे कसं सांगू? पण किती खुश होती बोलताना.

फॉर्मचं राहूनच गेलं. मी विसरली, की मुद्दामच? उद्या शेवटची तारीख. ती काळी पोटं अजून पेपरवरच आहेत. फेकायले हात होत नाही, अन् ठेवून तरी काय करू?

हे आत्ता आले.

"बोलली का?"

"हव."

"मग, काय म्हणाली?"

"फॉर्म भरत नाही म्हणाली," माझ्याच तोंडून गेलं.